आधीचा पेशंट

माझे दाजी जुन्या खाटा विकतात. आजारी माणसाच्या खाटा. पायाशी हँडल असतं, ते फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते, त्या. शिवाय व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी. लोक घरातली जुनी वस्तू विकायला काढतात तेव्हा त्यात मिरवण्यासारखं थोडं तरी असतं. गाडी असते, कॅमेरा असतो, मुलीला लहान झालेली सायकल असते. दाजींच्या मालात तसं काही नाही. विकणारा खाली बघून विकतो, घेणारा खाली बघून घेतो आणि दोघांच्या मधे दाजी पाना घेऊन उभे असतात.

ते माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. सव्वीस वर्षं मोठ्या सरकारी रुग्णालयात वॉर्डबॉय होते. आमच्या घरात या लग्नाला नाक मुरडणारा मी एकटाच होतो, कारण मी विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात होतो आणि आपण कोणी तरी आहोत असं मला फार वाटायचं. पुढे आईच्या आजारपणात दाजींनी तिची कूस रोज दर दोन तासांनी बदलली, शेवटपर्यंत तिच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. मी त्या काळात डॉक्टरांना सुंदर पत्रं लिहीत होतो. तेव्हापासून मी नाक जागेवर ठेवलं आहे.

निवृत्त झाल्यावर दाजींनी एका गॅरेजच्या मागची शेड भाड्याने घेतली. रुग्णालयाच्या लिलावातल्या मोडक्या खाटा आणायच्या, दुरुस्त करायच्या आणि ओळखीच्यांना द्यायच्या, अशी सुरुवात होती. मग मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या खरेदीविक्रीचं ॲप आलं आणि गिऱ्हाईक शहरभरातून यायला लागलं. दाजींना फोनवर बोलता येतं, टाइप करता येत नाही. त्यांचा अंगठा एका वेळी तीन अक्षरांवर बसतो. तोवर मीही निवृत्त होऊन घरी भिंतीकडे बघत बसलो होतो. जाहिराती लिहायचं आणि निरोपांना उत्तरं द्यायचं काम बहिणीने माझ्या गळ्यात घातलं, धंद्याचा फोन माझ्याकडे आला आणि खरं सांगायचं तर मला जिवात जीव आल्यासारखं झालं.

ॲपवरच्या लोकांचा एक वेगळाच मासला असतो. जाहिरातीत किंमत लिहिलेली असते, तरी पहिला प्रश्न 'फायनल किती?' पत्ता लिहिलेला असतो, तरी 'कुठे आहे?' एकाने व्हीलचेअर बघून विचारलं होतं, ॲव्हरेज किती देते. मी अशांना तिरकस उत्तरं लिहायचो आणि दाजींना वाचून दाखवायचो. ते हसायचे नाहीत. म्हणायचे, घरात आजारी माणूस असला की डोकं ठिकाणावर नसतं, त्यांना नीट सांगा.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. खाट आली की शेडबाहेर उन्हात गरम पाणी आणि फिनाइलने धुवायची. हँडलच्या आट्यांना ग्रीस, चाकांना तेल, गंजावर रंग. मग स्वतः तिच्यावर अर्धा तास डोळे मिटून पडायचं, दोन्ही कुशींवर वळून बघायचं. नट कुठे सैल आहे ते वळल्याशिवाय कळत नाही, असं ते म्हणत. पडून राहणाऱ्या माणसाला ती कुरकुर दिवसभर ऐकावी लागते, मग तो चिडतो आणि घरचे म्हणतात की आजाराने चिडका झाला. गिऱ्हाइकाला ते कधी 'पुन्हा या' म्हणत नसत. आणि ज्या घरातून खाट उचलायची, तिथे पेशंटचं काय झालं हे कधी विचारत नसत.

गिऱ्हाईक मात्र हमखास विचारायचं. दहातले आठ जण तरी. या खाटेवरचा पेशंट बरा झाला का? माणूस गेलेली खाट कोणालाच नको असते, आणि पेशंट हिंडायला लागला म्हणून विकायला निघालेल्या खाटा फार थोड्या. दाजींचं उत्तर एकच असे: "माझ्याकडे खाट आहे, माणूस नाही. खाट चांगली आहे." त्यावर निम्मं गिऱ्हाईक फोन ठेवून द्यायचं. यावरून आमचं दोनतीनदा वाजलं. मी म्हणायचो, एक शब्द गोड बोललात तर तुमचं काय जातं? ते ग्रीस लावत राहायचे.

ती खाट एका बसड्रायव्हरच्या घरातून आली होती. त्यांना अर्धांगवायू झाला होता, उजवी बाजू गेली होती. विकणारी त्यांची मुलगी. ती कशासाठी विकते आहे हे तिने सांगितलं नाही, दाजींनी विचारलं नाही, पण दारातल्या चपला आणि तिचा आवाज यांवरून ते गेले हे मला कळलं. मी फोटो काढले, जाहिरात टाकली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एका बाईचा निरोप आला. तिचा नवरा सलून चालवत होता. वय एकोणपन्नास, अर्धांगवायू, उजवी बाजू. पुढच्या आठवड्यात घरी आणायचं होतं. आणि मग तो प्रश्न: या बेडवरचे पेशंट बरे झाले का?

मी लिहिलं, हो. पूर्ण बरे झाले. आता काठीशिवाय चालतात.

हे लिहिताना माझा हात अडखळला नाही. खाट विकली गेली. दाजी खूश झाले, की या वेळी गिऱ्हाइकाने काही फाटे फोडले नाहीत.

प्रकरण तिथे संपलं असतं तर मीही विसरून गेलो असतो. पण दोन आठवड्यांनी तिचा पुन्हा निरोप आला. नवऱ्याला ती गोष्ट सांगितल्यापासून तो व्यायाम करायला लागला होता, आणि त्याला विचारायचं होतं, त्या माणसाचा आधी हात आला की पाय? मी विचार केला. कात्री चालवणारा कारागीर, त्याला हाताचं ऐकून बरं वाटेल. लिहिलं, हात. तिसऱ्या महिन्यात अंगठा हलला, चौथ्यात मूठ उघडली, पाय मागून आला.

मग प्रश्न येत गेले आणि मी पुरवत गेलो. त्या माणसाला मी रबरी चेंडू दिला, दाबायला. डाव्या हाताने चहा प्यायला लावला. त्याला बायकोवर खेकसायची खोड दिली आणि नंतर पश्चात्तापही दिला. पुढे सलूनवाले स्वतः आवाजातले निरोप पाठवू लागले. रोज सकाळी एक. सुरुवातीला शब्द नुसते घोळायचे, मग हळूहळू सुटे होत गेले. 'त्यांना सांगा, आज मी वीस वेळा केलं. त्यांना विचारा, त्यांना पण रडू यायचं का?' मी त्या बऱ्या झालेल्या माणसाच्या वतीने उत्तर लिहायचो, हो, यायचं. तीस वर्षं 'आपले पत्र पोहोचले' असं लिहिलेल्या माणसाला हे किती गोड लागलं असेल, ते सांगायलाही लाज वाटते. मी पुण्य करतो आहे अशीच माझी समजूत होती. दाजींना मी यातलं काही कळू दिलं नाही.

पाचव्या महिन्यात सकाळचे निरोप थांबले. चार दिवसांनी बायकोने लिहिलं. व्यायाम बंद आहे. जेवतही नाहीत नीट. म्हणतात, त्याची मूठ चौथ्या महिन्यात उघडली, माझा अंगठा पाचव्यातही जागचा हलत नाही, म्हणजे मी बरा होणाऱ्यांतला नाही. व्यायाम घेणाऱ्या मुलीला दारातूनच परत पाठवतात. डॉक्टर म्हणाले, आत्ताचे महिने फुकट गेले तर हे कायमचे खाटेवर राहतील. तुम्ही एकदा त्या माणसाला घेऊन याल का? त्याचंच ते ऐकतील.

मी तो निरोप तीनदा वाचला. आणायला माणूस असता तर मी त्याला खांद्यावर बसवून नेलं असतं.

शेडमध्ये गेलो तेव्हा दाजी एका खाटेवर डोळे मिटून पडले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. त्यांनी डोळे उघडले नाहीत. माझं संपल्यावर फक्त विचारलं, "ड्रायव्हरची खाट ना?" मी हो म्हणालो. ते उठले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि शर्ट बदलला. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, पण तेवढंही त्यांनी माझ्यासाठी केलं नाही.

मला वाटलं, आता थेट सलूनवाल्यांकडे. पण ते आधी ड्रायव्हरच्या मुलीकडे गेले. ज्या माणसाने इतक्या वर्षांत एका घरात हा प्रश्न विचारला नव्हता, तो तिच्या समोर खुर्चीच्या काठावर बसून म्हणाला, "ताई, तुमच्या वडिलांचं एका आजारी माणसाला सांगायचं आहे. मला ते माहीत नाही. सांगाल का, आणि सांगू का?"

ती बराच वेळ ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. मग सांगायला लागली आणि थांबेचना. तिला कोणी विचारलंच नसावं. वडील अकरा महिने खाटेवर होते. चौथ्या महिन्यात डावा पाय तेवढा हलायचा, रस्त्यावरून ट्रक गेला की क्लच दाबल्यासारखा. सहाव्या महिन्यात उजव्या पायाचा अंगठा एकदा हलला, तिने स्वतः पाहिला. हात कधीच आला नाही. अकराव्या महिन्यात दुसरा झटका आला. आम्ही निघताना ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "सांगा त्यांना. पण बाबा कंटाळले नव्हते, हेही सांगा."

सलूनवाल्यांचं घर म्हणजे सलूनच्या मागची खोली. सलून बंद होतं, दोन्ही खुर्च्यांवर चादरी टाकलेल्या, त्यांच्यामधून वाट काढत आत जावं लागलं. खाट खिडकीशी होती. दुसऱ्यांच्या दाढ्या करण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याचीच दाढी महिन्याभराची वाढलेली. त्यांनी आधी दाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग आमच्या पाठीमागे दाराकडे. तिसरा माणूस येतो का ते बघत होते. बायकोने तिसऱ्या माणसासाठी स्टूल आधीच मांडून ठेवलं होतं.

दाजी त्या स्टुलावर बसले. त्यांनी गोष्ट फिरवून सांगितली नाही. म्हणाले, या खाटेवरचा माणूस बरा झाला नाही. अकरा महिने होता, मग गेला. बस चालवायचा.

बायको भिंतीला टेकून खाली बसली. सलूनवाले दाजींकडे बघत राहिले.

"मग तो अंगठा?" त्यांनी विचारलं.

"फोन माझा आहे," दाजी म्हणाले. "फोनवरून जे आलं ते माझंच."

मला तोंड उघडायला नको होतं. मूग गिळून बसलो असतो तर दाजींनी ते ओझं सहज उचलून नेलं असतं, आजवर दुसऱ्यांची माणसं उचलली तसंच. पण बायकोने मांडलेलं ते स्टूल माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी म्हणालो, "दाजी, थांबा. ते मी लिहिलं. तसा माणूस कोणी नव्हताच."

सलूनवाल्यांच्या तोंडाची डावी बाजू वाकडी झाली आणि ते रडायला लागले. उजवी बाजू तशीच राहिली. मला वाटलं, आशा गेली म्हणून रडताहेत. तसं नव्हतं.

"रोज सकाळी मी त्याच्याशी बोलायचो," ते म्हणाले. "एवढं मी आजारात कोणाशीच बोललो नाही. हिच्याशीसुद्धा नाही."

एका खोट्या माणसाने मी त्यांची सकाळ भरून टाकली होती आणि आता त्यांच्याच घरात येऊन त्याला मारलं होतं. माफी मागावी तर कोणत्या तोंडाने, हे मला कळेना. मी मागितली नाही. अजूनही नीट मागितलेली नाही.

डाव्या हाताने डोळे पुसत त्यांनी विचारलं, खऱ्या माणसाचं चौथ्या महिन्यात काय होतं? दाजींनी मुलीने सांगितलं तसंच सांगितलं. डावा पाय, ट्रक, क्लच. उजव्या पायाचा अंगठा सहाव्या महिन्यात, एकदाच. तेव्हा खाली बसलेली बायको म्हणाली, यांच्या उजव्या पायाचा अंगठा तर दुसऱ्या महिन्यापासून हलतो. आता घोटाही हलतो. व्यायाम घेणारी मुलगी घसा फोडून सांगत होती की पाय बहुतेकदा आधी येतो, पायावर मेहनत घ्या. पण हे ऐकतच नव्हते. म्हणायचे, त्याचा हात आधी आला, मग माझाही हातच आधी यायला हवा.

पाय येत होता. तीन महिने तो येत होता आणि माझ्यामुळे त्या घरात त्याला कोणी विचारत नव्हतं. मी खोट्या आशेला फार तर निरुपद्रवी समजत होतो. ते माझे शब्द एका जित्या माणसाच्या पायावर बसले होते.

सलूनवाल्यांनी दाजींना आणखी एकच विचारलं. "तो ड्रायव्हर कंटाळला होता का?"

"नाही," दाजी म्हणाले. "त्यांच्या मुलीने मुद्दाम सांगायला सांगितलंय. कंटाळले नव्हते."

ते खिडकीकडे तोंड करून पडून राहिले. आम्ही उठलो तेव्हा त्यांनी दाजींना विचारलं, उद्या याल का? माझ्याकडे पाहिलंही नाही.

दाजी दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गेले आणि मग रोज जात राहिले, शेड उघडायच्या आधी. सव्वीस वर्षं जे काम पगारासाठी केलं, तेच करत होते. पाय दुमडायचा, सरळ करायचा, कुशीवर वळवायचं. बोलणं फारसं नसे. मी तिसऱ्या दिवसापासून त्यांच्या मागोमाग जाऊन दारात उभा राहायचो. मला कोणी बस म्हणायचं नाही, जा म्हणायचं नाही. असे पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी दाजींना खोकल्याची उबळ आली, तेव्हा सलूनवाले माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाय धरा." मी पुढे होऊन धरला. माणसाचा पाय इतका जड असतो हे मला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

नवव्या महिन्यात ते खाटेचा कठडा धरून उभे राहिले. वर्ष होता होता काठी घेऊन सलूनपर्यंत जाऊ लागले. मधे वाईट दिवस पुष्कळ आले. एकदा पडले, एकदा दाजींच्या अंगावर पेला भिरकावला. हात आला नाही. बोटं आजही तळव्यात मिटलेली आहेत. सलून आता उघडतं, कात्री दुसरा कारागीर चालवतो, आणि हे समोरच्या खुर्चीत बसून त्याच्या चुका काढतात. त्या कारागिराची मला दया येते.

मागच्या आठवड्यात त्यांनी खाट परत न्यायला बोलावलं. दाजी कठड्यांचे नट सोडवत होते. सलूनवाले काठीवर रेलून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, जाहिरात इथेच, माझ्या समोर लिहा. मग डावा हात काठीवर ठेवून सांगू लागले. उभा राहिलो नवव्या महिन्यात, असं लिहा. हात आला नाही, तेही लिहा. आणि माझ्या आधीचे ड्रायव्हर याच खाटेवर गेले, ते पहिलं लिहा. त्यांच्या मुलीला विचारून ठेवलंय मी.

मी म्हणालो, अशी जाहिरात वाचून ही खाट कोणी घेणार नाही.

"घेईल," ते म्हणाले. "जो माझ्यासारखा पडलेला असेल, तो घेईल."

मी दाजींकडे पाहिलं. ते पान्याला जोर देत होते, त्यांनी मान वर केली नाही. मी फोन काढला आणि सांगितलं तसं लिहिलं. लिहून झाल्यावर सलूनवाल्यांनी फोन डोळ्यांसमोर धरायला सांगितला आणि ओठ हलवत सगळं वाचलं. शेवटच्या ओळीत मी 'आता व्यवस्थित चालतात' असं लिहिलं होतं. त्यांनी 'व्यवस्थित' काढायला लावलं.